टाळू, उच्चार आणि वाढीचे वय



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान यंदा मला मिळाला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी संतवाङ्मयावर किंवा माळव्यातल्या मराठीवर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मुलांच्या टाळूविषयी आणि ती टाळू रुंद करण्यासाठी अलीकडे निघालेल्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक प्लेटांविषयी बोलावे, हे कोणालाही चमत्कारिक वाटणारच. मी 'डॉक्टर' आहे तो पदवीच्या कागदापुरता. त्या आधारावर कोणी माझ्याकडून औषध घेऊ नये. तथापि टाळू हा दंतवैद्याइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही प्रदेश आहे. त्या प्रदेशात मी चाळीस वर्षे फिरलो आहे. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहे.

बाईंना मी जवळून ओळखत होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाठांतर स्पर्धांत परीक्षक म्हणून आम्ही काही वेळा शेजारी बसलो, एवढाच आमचा परिचय. त्या परिचयातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहून गेली. एखाद्या मुलाचा उच्चार चुकला की बाई गुण कापण्याआधी त्या मुलाच्या तोंडाकडे पाहत. पुढचे दात पडलेले आहेत काय, नाक चोंदलेले आहे काय, घरी कोणती भाषा बोलली जाते, हे त्या आधी विचारून घेत आणि मगच पेन्सिल उचलीत. आजचा विषय मला त्यांच्या या रीतीवरून सुचला.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मास्तरकीची खोड सुटत नाही. मराठीत टाळू हा शब्द शरीरातल्या दोन जागांना लावला जातो. तोंडातले छत ती टाळू आणि तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा मऊ, हाताला धडधड जाणवणारा भाग तीही टाळूच. संस्कृतातला तालु शब्द तोंडातल्या छतापुरता वापरतात. मराठीने तो माथ्यावरही नेला, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी बाळाची 'टाळू भरण्या'साठी किती तेल जिरवले असेल याचा हिशेब नाही. या अर्थविस्ताराचे व्युत्पत्तिशास्त्रीय कारण काहीही असो, शरीररचनेत मात्र त्याला एक गमतीदार आधार सापडतो. दोन्ही ठिकाणी मुळात वेगळी असलेली हाडे शेजारी शेजारी येऊन थांबलेली असतात आणि त्यांच्या मधली जागा वाढीसाठी मोकळी असते. माथ्यावरची टाळू बहुधा दीड-दोन वर्षांत भरते. तोंडातली शिवण त्याहून पुष्कळ वर्षे उघडी राहते. आज आपल्याला जे समजून घ्यायचे आहे ते याच काळासंबंधी.

आपण प्रत्येकाने आता तोंड मिटून जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांमागून हळूहळू मागे न्यावे. आधी खडबडीत वळ्या लागतील, मग घुमट लागेल, आणि घुमटाच्या मधोमध एक बारीक रेषा जाणवेल. या रेषेच्या वर हाडांची शिवण आहे. गर्भावस्थेच्या साधारण आठव्या आठवड्यात जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबणाऱ्या दोन फळ्या वर उचलल्या जातात, आडव्या होतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास मध्यरेषेवर एकमेकींना भेटतात. ही भेट घडली नाही तर मूल दुभंगलेली टाळू घेऊन जन्माला येते. भेट घडली तरीही हाड लगेच एकजीव होत नाही. बिर्ते मेल्सेन या डॅनिश संशोधिकेने १९७५ मध्ये या शिवणीचे वयोमानानुसार होणारे बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले. अगदी लहान वयात ती रुंद व साधी असते, पुढे नागमोडी होते आणि पौगंडावस्थेत दोन्ही कडांचे कंगोरे एकमेकांत घुसून, दोन फण्या एकमेकींत अडकवाव्या तशी घट्ट बसते. हा बदल प्रत्येक मुलात एकाच वाढदिवशी होत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांत त्याचे मोठे अंतर असू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोंडाचे हे छत म्हणजेच नाकाची जमीन आहे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडे असावीत तसे श्वास आणि उच्चार येथे शेजारी नांदतात.

आता उच्चाराकडे येतो. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी वर्णांची जी आठ स्थाने मोजली, त्यांत तालु हे एक. इ-ई, चवर्ग, य आणि श ही तिची लेकरे. मूर्धन्य म्हटले जाणारे ट, ठ, ड, ढ, ण आणि आपला लाडका ळ हेही याच छताला जिभेचे टोक उलटे वळवून लावल्यावर निघतात. मराठीची विशेष अडचण, किंवा म्हणा श्रीमंती, ही की तिच्यात च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत. 'चार' म्हणजे संख्या आणि 'गाईला चारा चार' यातला 'चार', लिहिताना एकच आणि बोलताना निराळे. विश्व या अर्थाचा 'जग' आणि 'शंभर वर्षे जग' यातला 'जग' यांचेही तेच. पहिल्यात जिभेचे पाते टाळूला भिडते, दुसऱ्यात टोक दातांच्या मुळाशी जाते. 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे असते. तेच 'माझी' म्हणताना ती टाळूकडे सरकते. चार-दोन मिलिमीटरांच्या या प्रवासाची लिपीत कोठेही नोंद नाही. मूल तो कानाने ऐकून शिकते.

जीभ टाळूला नेमकी कोठे लागते हे पाहण्याची युक्ती ध्वनिशास्त्रज्ञांनी दंतवैद्यांकडूनच घेतली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८७० च्या दशकात ओकली कोल्स या इंग्रज दंतवैद्याने स्वतःच्या टाळूला लेप लावून, एकेक ध्वनी उच्चारून, लेप कोठे पुसला गेला याची चित्रे काढली. पुढे टाळूच्या मापाची पातळ कृत्रिम पट्टी बनवून तिच्यावर खडूची भुकटी टाकण्याची पद्धत रूढ झाली. १९७० च्या दशकात ध्वनिविज्ञान शिकताना अशी एक पट्टी माझ्याही टाळूवर बसवली गेली होती. ती बसवल्यावर पहिल्या दिवशी मला 'शाळा' हा शब्द धड म्हणता येईना. श मधून भलताच वारा सुटे आणि ळ चा ल होई. चौथ्या-पाचव्या दिवशी मी बऱ्यापैकी बोलू लागलो. पट्टी तीच होती. जिभेने नवे घर ओळखीचे करून घेतले होते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

टाळू अरुंद असली तर काय बिघडते? डब्याचे झाकण डब्याच्या कडांवर बाहेरून बसते. वरच्या दातांची ओळही तशीच खालच्या ओळीला थोडी बाहेरून झाकते. वरचा जबडा अरुंद राहिला की झाकण डब्याच्या आत पडते, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला चावतात. अशा वेळी मूल सोयीसाठी चावताना खालचा जबडा एका अंगाला सरकवते. ही सवय वाढीच्या वर्षांत टिकली तर चेहऱ्याची ठेवण एका बाजूला कलू शकते. शिवाय कायमच्या दातांना जागा अपुरी पडते आणि ते एकमेकांवर चढतात.

अरुंदपणाची कारणे एकाहून अधिक आहेत. घराण्यातून आलेली ठेवण हे एक. चार-पाच वर्षांनंतरही चालू राहिलेले अंगठा चोखणे हे दुसरे. अंगठ्यामुळे जीभ खाली दाबली जाते आणि गालांचे स्नायू वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी आत रेटतात. नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढल्याने किंवा सततच्या सर्दीने मूल तोंडाने श्वास घेऊ लागले तरीही जीभ छताचा आधार सोडून खाली पडून राहते. कोरुचिनी या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आपल्या चंदीगड परिसरातल्या ग्रामीण व शहरी तरुणांच्या दातांची तुलना केली आणि मऊ अन्नाचा जबड्याच्या वाढीशी संबंध असावा असे प्रतिपादन केले. या मतावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण डब्यात रोज नूडल्स आणि पाव पाहणाऱ्या शिक्षिकांना ते एकदम पटेल, अशी मला शंका आहे.

उपायाचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एमर्सन एंजेल या दंतवैद्याने १८६० मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूवर आडवा स्क्रू बसवला आणि तो फिरवण्याची किल्ली तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. यावरून एंजेलने टाळूची शिवण उघडल्याचा निष्कर्ष काढला. समकालीनांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षे होती, तेव्हा दातांमधली फट एवढाच त्याचा साक्षीदार होता. ही पद्धत पुढे मागे पडली. अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग करून १९६१ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ती सन्मानाने परत आली. दाढांना कडी चिकटवून मधोमध स्क्रू ठेवायचा, आई किंवा वडील रोज किल्लीने एक पाव फेरा देणार आणि साधारण पाव मिलिमीटर जागा वाढणार, ही रीत आजही जगभर सर्वाधिक प्रचारात आहे. पुढच्या दातांत पडलेली फट पाहून घाबरणाऱ्या पालकांना डॉक्टरांना दिलासा द्यावा लागतो. ती बहुधा पुढे आपसूक कमी होते.

स्क्रूचे हे यंत्र चिकटवलेले असते, त्यामुळे मुलाला ते काढता येत नाही. गुलाबी ॲक्रिलिकची, तारेच्या आकड्यांनी दातांना अडकणारी आणि मधोमध स्क्रू असलेली काढती क्लिपही आपल्याकडे अनेक दशकांपासून वापरात आहे. तिची पकड चिकटवलेल्या यंत्रापेक्षा कमी असल्याने ती हाड हलवण्यापेक्षा दात बाहेर कलंडवण्याकडे अधिक झुकते. म्हणजे 'काढता-घालता येणारी' ही कल्पना काही आज जन्मलेली नाही. नवेपणा आहे तो पारदर्शकपणात आणि घडवण्याच्या रीतीत.

नव्या पद्धतीत मापासाठी तोंडात तो ओकारी आणणारा लगदा भरावा लागत नाही. पेनासारखा एक कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि संगणकावर तोंडाची प्रतिमा उभी राहते. डॉक्टर टाळू किती रुंद करायची ते ठरवतो, आणि त्या अंतराचे बारीक टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासाठी एक, अशा प्लेटांची मालिका तयार होते. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेसारख्या द्रव्यातून, थरावर थर चढवीत, यंत्र त्या छापून काढते. प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटीपेक्षा किंचित रुंद असते. यात स्क्रू नाही, किल्ली नाही. दातांवर दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेले असतात; त्यांच्यावर प्लेट खटकन बसते व पकड धरते. अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीच्या अशा साधनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अपेक्षित रुंदी आल्यावर उपचार संपत नाही. उघडलेल्या शिवणीत नवे हाड भरेपर्यंत काही महिने शेवटच्या मापाची प्लेट घालून ठेवावी लागते. हा काळ मुलांना सर्वांत कंटाळवाणा जातो, कारण रोज काही घडल्यासारखे वाटत नाही.

या साधनाचे फायदे उघड आहेत. दात नीट घासता येतात, स्क्रूखाली पोळीचे तुकडे अडकत नाहीत, किल्ली घशात पडेल या भीतीने आईचा हात थरथरत नाही. दुसरीकडे जे काढता येते ते काढून ठेवलेही जाते. चिकटवलेल्या स्क्रूचे यश डॉक्टरांच्या हाती असते. काढत्या प्लेटीचे यश मुलाच्या मनावर, घराच्या शिस्तीवर आणि वर्गातल्या वातावरणावर अवलंबून असते. हे तिसरे अवलंबन डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले नसते. ते आपल्या हातात आहे, म्हणून मी आज दवाखान्याऐवजी शाळेत बोलतो आहे.

आमच्या शेजारच्या एका मुलीची हकीकत सांगतो. नाव, गाव, शाळा यांची गरज नाही. वय नऊ, आवाज गोड, पाठांतर उत्तम. तिला काढती प्लेट बसवली आणि आठव्या-दहाव्या दिवशी तिच्या शाळेत स्पर्धेची निवड होती. तिचे श आणि ळ अजून डगमगत होते. परीक्षकांनी वर्गासमोर तिला 'बोबडकांदा' म्हटले आणि यादीतून नाव गाळले. ती रडली नाही, घरी काही बोललीही नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोहोचताच ती प्लेट काढून कंपासपेटीत ठेवू लागली आणि घरी येण्यापूर्वी परत घालू लागली. दोन-अडीच आठवड्यांनी पुढची प्लेट बसेना. डॉक्टरांनी मोजले तर मिळवलेली रुंदी बरीचशी परत गेली होती. कंपासपेटीचा उलगडा त्यानंतर झाला. उपचार पहिल्या मापापासून पुन्हा सुरू करावा लागला. आईवडिलांचा पैसा गेला तो गेलाच. माझ्या मते त्याहून मोठे नुकसान असे, की तिने त्या वर्षी पुन्हा व्यासपीठावर पाऊल ठेवले नाही.

त्या परीक्षकांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. शुद्ध उच्चाराचा आग्रह मीही आयुष्यभर धरला. परंतु चुकीच्या उच्चाराची कारणे आपल्या इंदुरात तरी निदान तीन असतात आणि ती वेगळी करता आली पाहिजेत.

पहिले कारण भाषेचे. हिंदीत दंतमुळाजवळचा च नाही. आपली मुले दिवसभर हिंदीत वावरतात आणि 'चमचा', 'चूल', 'चोर' हे शब्द हिंदी 'चम्मच'च्या जिभेने म्हणतात. बडोद्याच्या मुलांवर गुजरातीचा आणि बेळगावच्या मुलांवर कन्नडचा असाच परिणाम होतो. येथे टाळू निर्दोष असते. कानाला सवय हवी असते. अशा मुलाला दाताच्या डॉक्टरकडे पाठवणे हास्यास्पद होईल. दुसरे कारण ठेवणीचे: जबडा अरुंद, दात पुढे आलेले किंवा पडलेले, नाक बंद. या मुलाचा स किंवा श घरी, दारी, हिंदीत, मराठीत सर्वत्र सारखाच बिघडलेला असतो. तिसरे कारण साधनाचे. काल बरा असलेला उच्चार आज बिघडला, तोंडात प्लेट आहे, लाळ जास्त सुटते आहे, ट आणि ळ जाड झाले आहेत; प आणि म मात्र स्वच्छ आहेत, कारण ते ओठांचे आहेत. हा बिघाड तात्पुरता असतो. जिभेला काही दिवस, क्वचित काही आठवडे द्यावे लागतात, आणि मोठ्याने वाचन केल्यास ती लवकर रुळते. म्हणजे त्या मुलीला स्पर्धेबाहेर ठेवण्याऐवजी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचायला लावले असते, तर तिच्या उपचारालाही साहाय्य झाले असते आणि पाठांतरालाही.

बाई पेन्सिल उचलण्याआधी तोंडाकडे पाहत असे मी म्हटले. हीच तीन कारणे त्या निवडीत असत, असे आता मला वाटते.

पालकांना दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नव्या वस्तूबरोबर नवा बाजारही येतो. प्रत्येक अरुंद दिसणारी टाळू रुंद करायची नसते. दाढा आत चावत असतील, जबडा एका बाजूला सरकत असेल, तर उपचाराची गरज बरीच स्पष्ट असते. केवळ दात थोडे दाटीने आले आहेत म्हणून लहान वयात टाळू रुंद करावी काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्यांचा अपमान नाही. टाळू रुंद केल्याने नाकातली जागा काहीशी वाढते हे खरे. तेवढ्यावरून घोरणे, अंथरूण ओले करणे आणि गणितातले कमी गुण हे सर्व एका प्लेटीने सुटेल, असे कोणी सांगितले तर पायात चपला घालाव्यात. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. नाकामागची गाठ तशीच ठेवून नुसती टाळू रुंद करण्यात फारसा अर्थ नाही.

पारदर्शक प्लेटच हवी, असाही हट्ट नको. तिचा खर्च साध्या साधनांपेक्षा जास्त असतो, आणि अमेरिकेतली मान्यता २०२३ ची असल्यामुळे तिच्या आधारे उपचार घेतलेली मुले प्रौढ झाल्यावर काय दिसते, याचा अनुभव अजून कोणाकडेच असू शकत नाही. स्क्रूच्या यंत्रामागे हासपासून मोजले तरी सहा दशकांचा अनुभव आहे. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे जाऊन विचारणे खासगी दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधीही करता येते. विसराळू किंवा हट्टी मुलाला चिकटवलेला स्क्रूच बरा, आणि हे डॉक्टरांना आपल्या मुलाविषयी आईनेच प्रामाणिकपणे सांगायचे असते. 'आमचा बंड्या सगळे वेळेवर करतो', हे वाक्य दवाखान्यात फार महाग पडते.

वेळेविषयी मात्र हयगय नको. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना मुलाच्या सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्यावी असे सुचवते. सात हा आकडा उगाच आलेला नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा व पुढचे दात येऊ लागतात, तोंडात दुधाचे व कायमचे दात एकत्र नांदतात, चावा कसा बसतो ते दिसू लागते आणि टाळूची शिवण अजून मोकळी असते. तपासले म्हणजे लगेच उपचार केलाच पाहिजे असे नव्हे. पुष्कळदा डॉक्टर 'वर्षाने या' एवढेच सांगतात. पौगंडावस्था उलटून शिवण घट्ट बसली, की त्याच कामासाठी हाडात स्क्रू रोवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसरीतले मूल जे काही महिन्यांत, घरच्या घरी मिळवू शकते, त्यासाठी तेच मूल वयात आल्यावर भूल घेऊन टेबलावर झोपते, हा फरक पालकांनी मनात धरावा.

दुसरीच्या वर्गशिक्षिकेला यातले बरेच काही कोणत्याही यंत्राशिवाय दिसते. वाचन ऐकताना तोंड सदैव उघडे असणारे मूल, डबा खाताना एकाच बाजूने चावणारे मूल, अजून अंगठा तोंडात जाणारे मूल, हनुवटी एका अंगाला गेलेले मूल. निदान करणे हे शिक्षिकेचे काम नव्हे. पालकसभेत आईला बाजूला घेऊन, चारचौघांत न बोलता, 'एकदा दाखवून घ्या' असे म्हणणे एवढेच पुरे. प्लेट घालणाऱ्या मुलाच्या दप्तरात तिची कडक डबी असावी आणि ती डबी कोठे आहे हे वर्गशिक्षिकेला माहीत असावे. रुमालात गुंडाळलेली प्लेट कचऱ्याच्या टोपलीत जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

अध्यक्ष महोदय, माझी एक विनंती आहे. बाईंच्या नावाने होणाऱ्या पाठांतर स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एक नियम वाढवावा. ज्या विद्यार्थ्याच्या दातांवर किंवा टाळूवर उपचार चालू आहेत, त्याने तसे आधी कळवल्यास त्याची फेरी साधन बसवल्यापासून निदान तीन आठवड्यांनी घ्यावी, आणि तेवढे दिवस हाती नसतील तर उच्चाराचे गुण बाजूला ठेवून स्मरण, लय आणि अर्थाची जाण यांवर त्याचे परीक्षण करावे. नियमाचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो मुख्याध्यापिका बाईंच्या स्वाधीन करतो. शब्दांत फेरफार करण्यास माझी हरकत नाही, फक्त तो याच वर्षीच्या स्पर्धेपासून लागू व्हावा.